स्टेरॉइड मनाने सुरू करू नका, मनाने तोडू नका

सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी तुमच्या घरात कुणी बिननावाची पुडी घेत असेल, चेहरा उजळावा म्हणून मेडिकलमधून आणलेली ट्यूब महिनोन्‌महिने लावत असेल, किंवा अंग धरावं म्हणून बारीक मुलाला कुणी सांगितलेली गोळी देत असेल, तर हे त्यांना वाचून दाखवा. या तिन्ही ठिकाणी पुष्कळदा एकच वस्तू निघते, ती म्हणजे स्टेरॉइड. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं एक हार्मोन रोज तयार होतं. ही औषधं म्हणजे एक तर तेच हार्मोन, नाहीतर त्याच्याच धर्तीवर बनवलेलं आणि त्याच्याहून कितीतरी जोरकस रसायन.

माझं सांगणं दोनच गोष्टींचं आहे. डॉक्टरांनी दिल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करू नका. आणि काही आठवडे पोटात गेलं असेल, तर ते एका दिवसात तोडू नका. पहिली गोष्ट बऱ्याच जणांच्या कानावर आलेली असते. दुसरी फार थोड्यांना माहीत असते, आणि तिच्यापायी धडधाकट दिसणारा माणूस दोन दिवसांत अत्यवस्थ होतो.

असं का होतं, ते नीट समजून घेऊ. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक अॅड्रिनल ग्रंथी असते. एका ग्रंथीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. कॉर्टिसॉल तिथे तयार होतं. पहाटे ते वाढायला लागतं, सकाळी उठायच्या सुमारास सगळ्यांत जास्त असतं आणि मध्यरात्री सगळ्यांत कमी. रात्रभर पोटात अन्न नसतानाही रक्तातली साखर टिकून राहते, त्यात या हार्मोनचा मोठा वाटा असतो, कारण यकृताला साखर तयार करायला ते लावतं. रक्तदाब सावरून धरणं हेही त्याचंच काम. आणि ताप, अपघात, ऑपरेशन असं संकट आलं, की निरोगी शरीर नेहमीच्या कितीतरी पट कॉर्टिसॉल सोडतं. त्याच्या जोरावर माणूस तेवढा काळ तग धरतो.

किती बनवायचं, हे ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून हुकूम येतो, आणि रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की हुकूम थांबतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी वर आलं की बॉल उचलला जातो आणि नळ बंद होतो, तसंच हे. आता ती टाकी रोज कुणी बाहेरून बादल्या ओतून काठोकाठ भरत राहिलं, तर नळ उघडायची वेळच येणार नाही. गोळीतून, पुडीतून स्टेरॉइड येत राहिलं की पिट्युटरीचा हुकूम थांबतो आणि काम नसलेली अॅड्रिनल ग्रंथी हळूहळू आक्रसते. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ औषध पोटात जात राहिलं, की हा धोका गंभीरपणे धरावा लागतो. औषध थांबल्यावर ग्रंथीला पुन्हा कामाला लागायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं.

मात्राही पाहा. आपलं शरीर दिवसभरात जेवढं कॉर्टिसॉल बनवतं, ते साधारण 4 ते 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं असतं. डेक्सामेथासोन त्याहून कितीतरी तीव्र, त्याचं पाऊण मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचं 5 मिलिग्रॅम. डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी मसुरीच्या दाण्याएवढी दिसते. तशा तीन गोळ्या कुटून एका पुडीत टाकल्या, की शरीराच्या रोजच्या गरजेच्या सुमारे दुप्पट स्टेरॉइड झालं. पुडी हातात घेऊन, वास घेऊन, चाटून पाहून हे कुणालाही ओळखता येणार नाही.

लोक या पुडीच्या नादी का लागतात, हे मी समजू शकतो. गुण येतो, आणि लवकर येतो. 1948 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांतच ती चालायला लागली. 1950 चं नोबेल पारितोषिक हेंच, केंडाल आणि राइशस्टाइन या तिघांना याच कामासाठी मिळालं. पण जास्त मात्रेत, जास्त दिवस दिलेल्या औषधाची दुसरी बाजूही तेव्हाच्या डॉक्टरांना लवकरच दिसली. आज पंचाहत्तर वर्षांनंतरही तीच बाजू आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत येऊन बसते.

ती कशी दिसते, हे घरच्यांनी ओळखायला शिकावं. चेहरा गोल होतो, गाल भरतात. शेजारीपाजारी म्हणतात, "तब्येत सुधारली हो!" पण पोट सुटत असताना हातपाय मात्र काटकुळे होत जातात. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, कारण कॉर्टिसॉल जास्त झालं की मांड्यांचे, खांद्यांचे स्नायू मोडून त्यांची साखर केली जाते. कातडी पातळ होते, जरासं आपटलं तरी काळंनिळं पडतं. पोटावर, मांड्यांवर जांभळट रुंद चरे उमटतात. इन्सुलिनचा प्रभाव घटतो आणि साखर चढते. ज्यांना मधुमेह नव्हता त्यांना होतो, ज्यांना होता त्यांचा हाताबाहेर जातो. रक्तदाब वाढतो, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो. हाडं ठिसूळ होतात, इतकी की बादली उचलण्याचं निमित्त होऊन मणका दबतो. प्रतिकारशक्ती दबलेली असल्यामुळे अंगात लपून असलेला क्षय डोकं वर काढू शकतो.

मुलांच्या बाबतीत एक खूण फार महत्त्वाची आहे. शाळकरी मूल वयात येईपर्यंत वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढतं. केवळ खाण्यामुळे जाड झालेलं मूल सहसा बुटकं राहत नाही, उलट वयाच्या मानाने उंचच असतं. स्टेरॉइड जास्त झालं तर वजन भराभर वाढतं आणि उंची जागच्या जागी थांबते, कारण लांब हाडांच्या टोकाशी असलेल्या कूर्चेची वाढ हे औषध रोखतं. म्हणून दर सहा महिन्यांनी मुलाला भिंतीशी ताठ उभं करा, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीने खूण करा आणि तारीख लिहा. वजनाचा काटा वर चाललाय आणि भिंतीवरची खूण हलत नाही, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना मुलाला दिलं जाणारं प्रत्येक औषध, टॉनिक, पुडी सोबत न्या.

आता ती दुसरी गोष्ट. एखाद्या बाईंनी वर्षभर सांधेदुखीची पुडी घेतली आहे, असं समजा. मग कुणीतरी सांगतं, "अहो, त्यात स्टेरॉइड असतं," आणि त्या घाबरून पुडी फेकून देतात. त्यांची स्वतःची ग्रंथी झोपलेली आहे. दोन-चार दिवसांत अंग गळून जातं, उलट्या होतात, पोट दुखतं, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यातच ताप किंवा जुलाब झाले तर रक्तदाब आणि साखर दोन्ही कोसळतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो, बेशुद्ध पडतो. पोट बिघडलंय असं समजून घरी वेळ काढला, तर जीव जाऊ शकतो. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन वेळेवर मिळालं, तर तोच माणूस काही तासांत उठून बसतो. म्हणून अशी लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठा, आणि पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "हे स्टेरॉइड घेत होते आणि एकदम बंद केलं." पुडीत काय होतं ते ठाऊक नसेल, तर तसंच सांगा. लाजू नका. त्या वाक्याने निदान होतं.

औषध सोडायचंच असेल तर ते उतरत्या मात्रेने, कधी कधी कित्येक महिन्यांत सोडावं लागतं. ग्रंथी जागी झाली का, हे पाहायला सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल मोजतात. मधल्या काळात मोठं आजारपण आलं किंवा ऑपरेशन ठरलं, तर मात्रा तेवढ्यापुरती वाढवावी लागते, कारण शरीर स्वतः ती वाढवू शकत नाही. किती आणि कधी, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. दात काढायला गेलात तरी सांगा.

हे वाचून कुणी डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड टाकून देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लघवीतून प्रथिनं जाऊन अंग सुजणाऱ्या नेफ्रोटिक सिंड्रोमच्या मुलांना हेच मुख्य औषध आहे. मुदतीआधी प्रसूती होईल अशी चिन्हं दिसली तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. दम्याच्या पंपाला तर लोक विनाकारण घाबरतात. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात, आणि ती थेट श्वासनलिकेत जाते. पंप नको म्हणून पुडी घेणारा माणूस थोडं स्टेरॉइड टाळून पुष्कळ स्टेरॉइड घेत असतो. पंप घ्या, घेतल्यावर चूळ भरा, आणि तोही मनाने बंद करू नका.

कोविडने हा धडा आपल्याला मोठ्या किमतीत शिकवला. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत दिसलं, की डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना मात्र त्याचा काही फायदा झाला नाही. तरीही 2021 च्या दुसऱ्या लाटेत साध्या तापालाही घरोघरी स्टेरॉइड घेतलं गेलं, कुठे गरजेहून जास्त दिवस चालू राहिलं. साखर भडकली, आणि महाराष्ट्रात हजारो लोकांना म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार झाला. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा काढावा लागला. योग्य रुग्णाला योग्य मात्रेत ज्याने जीवदान दिलं, तेच औषध चुकीच्या हाती पडलं की असं उलटतं.

ट्यूबचं वेगळं सांगायला हवं. गजकर्णावर, जांघेतल्या खाजेवर स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत जाते आणि नंतर साध्या औषधाला दाद देत नाही. गोरेपणासाठी लावलेल्या ट्यूबने चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल पडते, मुरमं येतात, लव वाढते. लावणं थांबवलं की आग होते, म्हणून बाई पुन्हा लावते, आणि सुटका होत नाही. 2018 पासून अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. लंगोटाखालच्या पुरळावर तर तान्ह्या बाळाला हे मलम मनाने कधीच लावू नका. त्याच्या कोवळ्या त्वचेतून औषध रक्तात जातं.

तेव्हा एवढं करा. घरातल्या औषधांच्या डब्यातली प्रत्येक पट्टी आणि ट्यूब शिकलेल्या मुलीकडून, नातवाकडून मोठ्याने वाचून घ्या. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डिफ्लाझाकोर्ट, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, यांतलं एखादं नाव निघालं तर ते कुणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी दिलं, हे विचारा. स्टेरॉइड बराच काळ चालू असेल तर साखर, रक्तदाब, डोळे आणि हाडं यांची तपासणी डॉक्टरांना आठवणीने करायला सांगा. आणि पाकिटात आधार कार्डाशेजारी एक चिठ्ठी ठेवा: "मी स्टेरॉइड घेत आहे. औषधाचं नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख ही. हे एकाएकी बंद करू नये." औषधाचा काही अपाय झाला असेल, तर राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर कळवता येतं.

औषधविक्रेत्या बांधवांना विनंती आहे, की चिठ्ठीवाचून ही गोळी आणि ही ट्यूब देऊ नका. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल, जाऊ द्या. आशाताईंनो, गोल झालेला चेहरा आणि हात टेकून उठणारी आजी दिसली, तर पुडीची चौकशी कराच.

आणि पुडी देणाऱ्याला तुम्ही एकच प्रश्न विचारा: यात काय आहे ते कागदावर लिहून, खाली सही करून द्याल का? तो देणार नसेल, तर नवी पुडी घेऊ नका. आधीपासून घेत असाल, तर ती टाकू नका. तीच हातात घेऊन उद्या डॉक्टरांकडे जा.