बसतो म्हणून बसवू नका!



पहिला मोठा पाऊस पडला की परभणी जिल्ह्यातल्या शेतरस्त्यांची काय दशा होते, हे तुम्हांला सांगायला नकोच. काळी माती सायकलच्या मडगार्डात अशी घट्ट बसते की चाकच फिरेनासे होते. अशा रस्त्यांवर जुन्या जीपने पुष्कळ वर्षे साथ दिली. विलीज कंपनीची सीजे-३बी ही जीप अमेरिकेत १९५३ साली निघाली. पुढे महिंद्र कंपनीने ती परवान्याने भारतात बनवली. तिचे इंजिन पेट्रोलवर चाले. पेट्रोल परवडेना, तेव्हा अनेकांनी ते काढून डिझेल इंजिन बसवले.

माझ्या एका शेतकरी स्नेह्यानेही तेच केले. गिअरबॉक्स मात्र जुनाच ठेवला, कारण मधली प्लेट टाकून भोके जुळली! गाडी सडकेवर ताशी ७०-७५ च्या पुढे जाईना. त्याने इंजिनाला दोष दिला, ते उघडवले, कापसाचे पैसे त्यात घातले. इंजिन निर्दोष होते. फक्त गणित करायचे राहिले होते.

ते गणित आपण करू. या जीपच्या वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा एक फेरा म्हणजे गिअरबॉक्सचाही एकच फेरा. पुढे डिफरन्शियलमध्ये ५.३८ फेऱ्यांचा एक होतो. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेई, म्हणजे ताशी सुमारे ९८ किलोमीटर. समजा, नवे डिझेल इंजिन ३००० फेऱ्यांवरच थांबते. मग वेग ७४ च्या आसपास अडकणारच! वरचा गिअर ०.८ प्रमाणाचा असलेला गिअरबॉक्स घेतला असता, तर हाच आकडा ९२ झाला असता.

आता चिखलाकडे वळू. पहिला गिअर २.८, ट्रान्स्फर केसचा खालचा गिअर २.४६ आणि डिफरन्शियल ५.३८, गुणाकार सुमारे ३७. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पीळ देण्याचा जोर, १०० न्यूटन-मीटर धरला तर घर्षणातली घट सोडून चाकांना ३७०० मिळतो. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर, म्हणून ढकलणारे बल सुमारे १०,५०० न्यूटन. पण माणसांसह १५०० किलोग्रॅमच्या जीपला चिखलात घर्षणांक ०.३ धरला, तर जमीन ४,४०० न्यूटनच पेलते. त्याहून जास्त जोर दिला की चाक जागीच फिरते आणि खड्डा खोदते. म्हणून "जास्त जोराचा" गिअरबॉक्स घेऊन चिखल जिंकता येत नाही. खालच्या गिअरचा तेथे खरा उपयोग चाक सावकाश आणि एकसारखे फिरवण्याचा. कोरड्या चढावर मात्र पकड चांगली असते, म्हणून तोच जोर कामी येतो.

तिसरी गोष्ट दातांची. नव्या इंजिनाचा सर्वांत जास्त टॉर्क गिअरबॉक्सला पेलला पाहिजे; नाहीतर दात तुटतील.

तेव्हा माझे मत असे : आधी रस्ता, मग चाक, मग इंजिनाचे फेरे व टॉर्क पाहावा, त्यावरून गिअरबॉक्स ठरवावा. "बसतो का?" हा प्रश्न शेवटचा. मिस्त्रीच्या हाताला कसब असते, ते मी कमी लेखत नाही. पण आकडे मागणे हे मालकाचे काम आहे. आणि इंजिन बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, हेही विसरू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम त्यासाठीच आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तरफ आणि टॉर्क फळ्यावर शिकवून झाल्यावर वर्ग एकदा सायकलींपाशी न्यावा. पुढच्या चक्राचे दात, मागच्या चक्राचे दात आणि चाकाचा परीघ मुलांना मोजू द्यावा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल, हे त्यांनी आधी वहीत काढावे आणि मग मैदानावर टेपने पडताळावे. हे ज्याला जमले, तो उद्या गिअरबॉक्स निवडताना फसणार नाही.