हलगीला मस्टरवर घ्या

आपल्या वस्तीतल्या शाळेत संगीताचे मास्तर म्हणजे पेटी आणि सारेगम. चित्रकलेचे मास्तर म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएट, तांब्या नि द्राक्षांचा घड. नाच फक्त गॅदरिंगपुरता. भिंतीपलीकडे हलगी कडाडते, ती कुणाला ऐकू येत नाही. कातडं ताणून, शेकून त्यातून बोल काढणाऱ्याला विचारतात, विशारद आहात का?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात लिहिलंय : सहावी ते आठवीला शंभरावर पोरं असली तर कलेचा अर्धवेळ शिक्षक द्या. मग त्या जागेवर हलगीवाला का नको?

आपल्यातलेच काही म्हणतात, हलगी म्हणजे गुलामी. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, नि आता तेच कातडं पोरांच्या हाती द्यायचं? हा राग खोटा नाही. पाटलाच्या दारात वाजवणं सुटलं, बरंच झालं. पण गुलामी त्या शिळ्या तुकड्यात होती, तालात नव्हती. अण्णाभाऊंनी तमाशाच घेतला, गणातला गणपती काढला नि गिरणगाव हलवलं. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला, तरी २००२ पर्यंतची शेवटची वर्षं हलाखीतच गेली. त्यापेक्षा शाळेतला महिन्याचा पगार काय वाईट होता?

म्हणून मित्रांनो, मानधनाचं पाकीट नको. पगार, मस्टरवर सही, स्टाफरूममध्ये खुर्ची. पोरींच्या हातीही हलगी. आणि मंत्री आले की पोरांना गेटवर वाजवायला उभं करायचं नाही, हे हेडमास्तरांकडून आधी लिहून घ्या.