हृदयाची झडप आणि रुग्णाचे वय

हृदयाची निकामी झालेली झडप छाती न उघडता बदलता येते, हे आता नवल राहिलेले नाही. फ्रान्समधील रूआँ येथे डॉ. आलँ क्रिबिए यांनी २००२ साली मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून महाधमनीची झडप बसविली, तेव्हा हा उपाय शस्त्रक्रिया न सोसणाऱ्यांपुरता होता. पुढे वयाची अट सैल होत गेली. युरोपातील तज्ज्ञांनी २०२१ साली पंचाहत्तरीवर आखलेली रेषा २०२५ मध्ये सत्तरीवर आणली. अमेरिकेत ६५ वर्षांच्या आतील रुग्णांना शस्त्रक्रियाच योग्य, असे २०२० चे मार्गदर्शन असतानाही अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे नळीचा मार्ग पत्करू लागले आहेत. छातीवर व्रण नको, चार दिवसांत घरी जावे, ही इच्छा स्वाभाविकच होय. परंतु अशी झडप साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते. पंचावन्नाव्या वर्षी टाळलेली शस्त्रक्रिया सत्तरीत अधिक बिकट होऊन पुढे उभी राहते, हे रुग्णाला आधी कोणी सांगते काय?

आपल्याकडे तर प्रश्नच निराळा आहे. जालना जिल्ह्यातील अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर गळिताच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कोपीत वाढणाऱ्या मुलाचा घसा दुखला तर तिकडे कोण पाहतो? त्या घशातूनच संधिवातज्वर उद्भवतो आणि ऐन विशी-तिशीत हृदयाच्या झडपा आखडतात. त्यांत मुख्यतः मिट्रल झडप सापडते. महाधमनीच्या झडपेवरील हा नवा उपाय तिच्या कामाचा नाही. केवळ आखडलेली मिट्रल झडप फुग्याने रुंदावता येते, तोही नळीचाच उपाय, आणि तो तरुणांना खरा उपकारक ठरला आहे. झडप गळू लागली किंवा चुनखडीने कडक झाली, की मात्र बहुधा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

म्हणून वृद्धांसाठी लाखो रुपयांची झडप आली, आता शस्त्रक्रियेचे दिवस सरले, असा समज शासनाने करून घेऊ नये. सधनांना तो मार्ग मोकळा आहेच, आणि ऐंशीच्या घरातील आजोबांना तो लाभला तर आम्हांस आनंदच आहे. पण सरकारी रुग्णालयांतील हृदयशस्त्रक्रियेचे विभाग त्यापायी ओस पडता कामा नयेत. संधिवातज्वर झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे लागते. ती नोंद असलेले, गावी आणि फडावर, कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात चालेल असे साधे कार्ड या हंगामापूर्वी त्याच्या हाती पडावे, एवढी आमची तूर्त मागणी आहे.