घरगुती आरोग्य : टाचेचें दुखणें

सकाळीं अंथरुणांतून उठून पहिलें पाऊल जमिनीवर टेकतांच टाचेंत खिळा रुतावा तशी कळ येते. चार पावलें चालल्यावर ती ओसरते, आणि कांहीं वेळ बसून पुन्हां उठलें कीं परत येते. हें दुखणें कोणासच नाहीं असें घर विरळा. सुश्रुताच्या निदानस्थानांत ‘वातकंटक’ या नांवानें, पाऊल वेडेंवाकडें पडल्यामुळें होणाऱ्या अशाच जातीच्या एका पीडेचा निर्देश आहे. तेव्हां पायाचीं हीं दुखणीं आजकालचीं नव्हत.

गतवर्षीं आषाढांत आमच्या वहिनींस तें जडलें. क्ष-किरणांच्या चित्रांत टाचेखालीं हाडाची लहानशी चोंच दिसली, आणि ‘हाड वाढलें’ असा घरांत बोभाटा झाला. वस्तुतः अशी चोंच कधींही टाच न दुखलेल्या कित्येक माणसांतही आढळते. दुखण्याचें मूळ बहुधा टाचेपासून बोटांकडे तळव्याखालून गेलेल्या जाड पट्ट्यांत असतें. मीं मास्तरकीच्या संवयीनें त्यांस पूर्ण विश्रांतीचा उपदेश केला. महिनाभर त्या पलंगावर बसून भाजी निवडीत राहिल्या. दुखणें गेलें असें वाटलें. परंतु गणेशचतुर्थीस मोदकांसाठीं सकाळपासून ओट्याशीं उभ्या राहिल्या, आणि त्या रात्रीं त्यांना भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जावें लागलें. माझा उपदेश चुकला होता. नुसतें बसून राहिल्यानें पोटरी व तळवा अधिकच दुबळे होतात, आणि मग नेहमींचें कामही त्यांस झेपत नाहीं.

शेवटीं व्यायामोपचार करणाऱ्या एका बाईंकडे गेलों. त्यांनीं सांगितलेला क्रम असा : जिन्याच्या पायरीवर चवडा ठेवून टाच मोकळी सोडावी व कठड्यास हात टेकावा. पंचाची सुरळी करून बोटांखालीं द्यावी, म्हणजे बोटें वर उचललीं जाऊन तळव्याचा पट्टा ताणला जातो. मग तीन अंक मोजीत टाच वर न्यावी, दोन अंक थांबावें, तीन अंक मोजीत खालीं आणावी. एका पायावर न साधल्यास दोहोंवर आरंभ करावा. बारा वेळां साधेल पण तेरावी खेप साधणार नाहीं इतका भार असावा; अशीं तीन आवर्तनें, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनीं भार वाढवून दहादहांचीं चार, आणखी दोन आठवड्यांनीं आठआठांचीं पांच. भारासाठीं पुतण्याचें जुनें दफ्तर पाठीस लावून त्यांत पुस्तकें घातलीं. आपट्यांचा संस्कृत कोश या कामीं आला. त्याचा इतका नियमित उपयोग मीं स्वतः अलीकडे केलेला नाहीं!

डेन्मार्कमधील ४८ रुग्णांवरील एक प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत तीन महिन्यांअखेर हा व्यायाम करणारे रुग्ण केवळ तळवा ताणणाऱ्यांहून बरेच पुढें होते. वर्षाअखेर मात्र दोन्हीं पक्ष बरोबरीस आले. म्हणजे लाभ लवकर उतार पडण्याचा. जिला रोज दहा माणसांचा स्वयंपाक करावयाचा आहे, तिला तो लाभ लहान नव्हे.

ताणही टाकाऊ नाहीं. सकाळीं पाऊल टेकण्यापूर्वीं, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन बोटें नडगीकडे ओढून दहा अंक धरावीं. असें दहा वेळां, दिवसांतून तीनदां.

स्वयंपाकघरांत कठीण फरशीवर अनवाणी उभें राहणें या दुखण्यास पोषक होतें. तेथल्यापुरती निराळी, मऊ, धुतलेली चप्पल ठेवावी. आमच्या मातोश्रींचा विरोध तीन दिवस टिकला. टाचेंत सुई टोचून घेतल्यास कांहीं आठवडे आराम पडतो, परंतु क्वचित् पट्टा तुटण्याचें भय असतें. तो निर्णय डॉक्टरांवर सोंपवावा. टाच सुजली, बधिर झाली, ज्वर आला किंवा पडल्यानंतर पाऊल टेकवेनासें झालें, तर व्यायाम न करितां डॉक्टरांस दाखवावें. मधुमेही माणसांनीं तर आधींच विचारावें.

वहिनी मार्गशीर्षांत न लंगडतां देवळांत जाऊं लागल्या. तोंपर्यंत एक दिवसाआड सायंकाळीं त्यांस अर्धा तास मोकळा मिळावा म्हणून पोळ्यांचें काम दादा व मी वांटून घेत होतों. तो क्रम अजून चालू आहे. पोळ्या मात्र अद्याप वाटोळ्या होत नाहींत.