'पडीक' या शब्दाचे कथानक

पर्यावरणसंस्थांचे अहवाल, पत्रके, देणगीदारांसाठीची वार्तापत्रे ही आपली सामग्रीच नव्हे, असे मराठी समीक्षा गृहीत धरून चालते. कथनमीमांसेची हत्यारे कथा-कादंबरीपुरती परजायची आणि ज्या संहितांमुळे प्रत्यक्ष जमिनीचे रूप पालटते त्या 'उपयोजित लेखन' म्हणून व्यवस्थापनशास्त्राच्या हवाली करायच्या, ही सोय निरुपद्रवी नाही.

व्यवस्थापनशास्त्र संस्थांना एकच कथानक शिकवते: आधी ओसाड, मग संस्थेचा हस्तक्षेप, अखेरीस हिरवे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले, तेव्हापासून या कथानकाचा अभिप्रेत वाचकही निश्चित झाला. तो गावात राहत नाही.

वाशीम जिल्ह्यातील अनसिंगसारख्या वऱ्हाडी गावात चराईच्या सरकारी जमिनीला 'ई-क्लास' म्हणतात. मे महिन्यात अशा माळाचे छायाचित्र घेतले की 'आधी' आयतेच हाती लागते. वस्तुतः ते गवत वाळलेले असते, मेलेले नव्हे. पावसाळ्यात ते पुन्हा उभे राहते. विणीच्या काळात तणमोराचा नर अशाच गवतातून वर उसळ्या घेत मादीला साद घालतो. त्याला मोकळा माळ लागतो. झाडांची दाटी झाली की त्याचे घर गेले. म्हणजे 'पडीक' हे वर्णन नसून कथानकाची निकड आहे. शासनही याच कथानकात रमले: २०१९ या एका वर्षासाठी राज्यात वृक्षलागवडीचे लक्ष्य ३३ कोटींचे होते. झाड मोजता येते, म्हणून ते नायक. गवताला आकडा नाही.

आता या लेखनाचे व्याकरण. 'पारध्यांचे प्रबोधन करण्यात आले', 'त्यांना प्रशिक्षण देण्यात आले' अशा वाक्यांत कर्ता लुप्त असतो आणि पारधी षष्ठीत वा चतुर्थीत अडकतो. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती गुन्हेगार ठरवल्या गेल्या, त्यांतून आलेल्या समाजाला आता 'लाभार्थी' हे नवे पद मिळते, इतकेच. अकोला-वाशीम पट्ट्यात 'संवेदना' या संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोर आणि माळ राखण्याचे काम केले. तिथे जाणता पारधीच आहे. पक्ष्याची चाल त्याला शिकारीतून ठाऊक. हे ज्ञान वरील वाक्यरचनेत मावत नाही.

असे कथानक नसेल तर निधी येणार नाही आणि कार्यकर्त्याचे मानधनही निघणार नाही, हा आक्षेप खरा आहे. मात्र त्यातून रूपबंध देणाऱ्याच्या हाती असल्याची कबुलीच मिळते. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत राहून रानातल्या माणसांचे ज्ञान त्यांच्या शब्दांसह मराठीत आणले. समीक्षेने त्याला 'ललित' म्हणून गौरवले आणि त्यातला ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न बाजूला सारला. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत बोलीच्या अस्सलपणावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले गेले. गावच्या माळाला 'पडीक' कोणी लिहिले, याची विचारपूस कोणी केली नाही.

तणमोरासाठी राखलेल्या माळाचा अहवाल प्रामाणिकपणे लिहायचा तर 'नंतर'चे छायाचित्र 'आधी'सारखेच दिसेल. ते छापण्याची तयारी किती संस्थांची आणि ते वाचण्याची किती समीक्षकांची आहे?