विश्लेषण : इथेनॉल आले, तरी ऊसपट्ट्याची भिस्त एकाच पिकावर का?

साखर कारखान्यांनी वीज आणि इथेनॉल निर्मितीकडे वळावे, हा ऊसपट्ट्याला दिला जाणारा नेहमीचा सल्ला. पण पंचगंगाकाठच्या कसबा बावड्यातील ऊस उत्पादकाची जोखीम त्याने कितपत कमी होते?

शेतकरी ऊसच का लावतो?
रास्त आणि किफायतशीर दर (एफआरपी) केंद्र सरकार आधीच जाहीर करते. ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे कायदेशीर बंधन कारखान्यावर असते. शिवाय शेतात चार दिवस पाणी साचले, तरी ऊस तग धरतो. भाजीपाला धरत नाही. मात्र २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला आणि शेंड्यावरून पाणी गेले, की ऊसही कुजतो.

कारखान्यांची कोंडी कुठे?
एफआरपी २०१८-१९ मध्ये क्विंटलला २७५ रुपये होती. २०२५-२६ साठी ती ३५५ रुपये झाली. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि २०२५ चा गळीत हंगाम सुरू होतानाही तेवढाच होता.

इथेनॉलने काय साधले?
कारखान्यांना रोख पैसा मिळू लागला. पण साखरटंचाईच्या भीतीने केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. ते २०२४-२५ च्या हंगामासाठी उठवले गेले, तरी धडा कायम आहे. साखर, वीज, इथेनॉल आणि भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ, सारे एकाच उसातून येते. ऊस बुडाला की सगळेच बुडते.

मग खरा पर्याय कोणता?
जिल्ह्यात तो आधीपासून आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘गोकुळ’मुळे दुधाचा पैसा वर्षभर घरात येतो, अर्थात जनावरांचे वाढे उसाचेच. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्री मात्र उसावर अवलंबून नाहीत. तिथल्या कामाचे कौशल्य ऊस उत्पादकांच्या मुलांना मिळाले, तर घराचे उत्पन्न दोन पायांवर उभे राहील.

सरकारने काय करावे?
‘ऊस कमी करा’ या उपदेशाने काही होणार नाही. उसाला ठरलेला दर, हक्काचा खरेदीदार आणि मुदतीत पैसे, असे तिहेरी कवच आहे. सोयाबीन, भुईमूग किंवा भाजीपाल्याला तसे कवच नाही. ते मिळत नाही, तोवर शेतकरी ऊसच लावणार आणि त्याला दोष देता येणार नाही.