शब्द आणि व्यवहार : धूप

‘धूप’ हा मराठीतील मोठा बहुरूपी शब्द आहे. देवापुढे जाळतात तो धूप पुल्लिंगी. पावसाने माती वाहून जाते ती जमिनीची धूप मात्र स्त्रीलिंगी. एखाद्याच्या म्हणण्याला कोणी किंमत देत नसेल, तर ‘त्याला कोणी धूप घालीत नाही’ असेही म्हणतात. दिगंबर परंपरेतील अष्टद्रव्य पूजेत धूप हे अष्टकर्मांच्या दहनाचे प्रतीक होय. भाद्रपद शुद्ध दशमी, म्हणजे सुगंधदशमी, हा तर धूपाचाच दिवस.

मंदिरात एका शब्दाने भागते, दुकानात भागत नाही. ‘ऊद’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ लाकूड, आणि विशेषेकरून अगराचे सुगंधी लाकूड. म्हणजे उदबत्ती आणि अगरबत्ती ही मुळात एकाच वस्तूची दोन नावे. (आजच्या स्वस्त काडीत अगर शोधू नये.) लोबानाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. अरबीत ‘लुबान’ म्हणजे ओमान व सोमालियाकडील एका झाडाचा डिंक. पुढे सुमात्रा बेटावरील अगदी निराळ्या झाडाच्या राळेला अरब व्यापारी ‘जावी लुबान’ म्हणू लागले. आपल्या बाजारात आज लोबान म्हणून मिळतो, तो बहुधा हाच दुसरा.

नावातील फरकाला पैशाची किंमत असते, हे २०१७ साली दिसून आले. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा अगरबत्तीवर ५ टक्के आणि धूपबत्तीवर १२ टक्के अशी आकारणी होती. एकाच फळीवरील दोन पुड्यांत सात टक्क्यांचे अंतर! सप्टेंबरमध्ये परिषदेने धूपही ५ टक्क्यांत आणला.

कर एक झाला, तरी माल एक झालेला नाही. खरा गुग्गुळ राजस्थान व कच्छच्या कोरड्या प्रदेशातील झुडपाचा. चुकीच्या पद्धतीने चिरा पाडल्यामुळे ही झुडपे मरतात, आणि आज ही जात अतिसंकटग्रस्त मानली जाते. साळईच्या झाडाचा डिंकही ‘सालई गुग्गुळ’ या नावाने विकला जातो. तोही सुवासिक व उपयुक्त आहे, पण वस्तू वेगळी. तेव्हा बिलावर नुसते ‘गुग्गुळ’ लिहून ग्राहकाला काहीच कळत नाही. कोणत्या झाडाचा, एवढे लिहायला एक ओळ पुरते.